९.८१ हा आकडा पुण्याचा नव्हे

मागच्या अंकात ‘कॅल्क्युलेटरवर दिसतात ते सगळे आकडे उत्तरात उतरवू नका’ असं एक वाक्य जाता जाता लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. उभी नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पोरांची जर्नलं तपासण्यात गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. या वेळचं सगळं सदर त्यालाच देतो. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

सर, मी अकरावी सायन्सला आहे. स्क्रू गेजने तारेचा व्यास ०.५२ मिमी आला. त्यावरून काटछेदाचं क्षेत्रफळ काढलं ते ०.२१२३७१६६३ चौ. मिमी. मॅडमनी लाल पेनने त्याला गोल करून ‘०.२१’ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. माझं उत्तर तर जास्त बरोबर आहे ना? – एक विद्यार्थिनी, कराड

अर्ध्या मार्काचं वाईट वाटलं, पण मी मॅडमच्या बाजूचा आहे.

तुझ्या स्क्रू गेजचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याला मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी. म्हणजे गेजने तुला एवढंच सांगितलं, की व्यास ०.५१ आणि ०.५३ यांच्यापेक्षा ०.५२ ला जवळचा आहे. तो ०.५१५ असू शकेल, ०.५२५ सुद्धा असू शकेल. आता ही दोन टोकं सूत्रात घालून बघ. पहिल्याने क्षेत्रफळ ०.२०८ येतं, दुसऱ्याने ०.२१६. म्हणजे तिसऱ्या दशांशाबद्दल तुला खात्रीने काहीच सांगता येत नाही, दुसराही जेमतेम हाताला लागतो. मग पुढचे ३७१६६३ आले कुठून? तारेतून नाही आले. ते पायमधून आणि गुणाकारातून आले. कॅल्क्युलेटरला तारेची ओळख नाही, त्याच्या पडद्यावर जागा होती म्हणून त्याने ती भरली.

‘गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक (म्हणजे खरोखर मोजलेले, भरवशाचे आकडे) ज्या राशीत असतील, तेवढेच उत्तरात ठेवा’ हा नियम तू पाठ केला असशील. तो नियम म्हणजे वर आपण दोन टोकं घालून जे केलं, त्याचीच जवळची वाट आहे. घाईच्या वेळी नियम वापर, पण वर्षातून एकदा तरी दोन्ही टोकं घालून बघ.

दोन बारीक गोष्टी. ०.५२ मिमी मीटरमध्ये लिहिलेस तर ०.०००५२ होतात. म्हणून सार्थ अंक वाढत नाहीत, दोनच राहतात. सुरुवातीची शून्यं फक्त दशांशचिन्हाची जागा दाखवतात. पण तुझ्या मैत्रिणीची तार ०.५० मिमी भरली, तर तिने शेवटचं शून्य खाऊन ०.५ लिहायचं नाही. ते शून्य तिने गेजवर वाचलेलं आहे, तो कष्टाचा आकडा आहे. आणि आकडे कापायचे ते अगदी शेवटी. मधल्या पायऱ्यांना एक-दोन आकडे जास्तीचे राहू देत, नाहीतर कापाकापीतच नवी चूक तयार होते.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबलच्या नावाने सगळे बोटं मोडतात. मला मात्र ते चार आकडी टेबल आवडायचं. पाचवा आकडा त्यात नसतोच, त्यामुळे खोटं बोलायची सोयच नाही.

एफ.वाय.ला आम्ही साध्या दोलकाने ‘जी’ (गुरुत्वत्वरण) काढला. लांबी १००.० सेंमी. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० दोलनांना ४०.१८ सेकंद. उत्तर ९.७८१३७४ आलं. सर म्हणाले, ९.८१ यायला हवं, पुन्हा कर. माझा पार्टनर म्हणतो, वेळ ४०.१२ लिही, बरोबर ९.८१ येतं. मी करून बघितलं, खरंच येतं! काय लिहू? – एक विद्यार्थी, पुणे

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण यात तुझं, पार्टनरचं आणि सरांचं, तिघांचंही थोडं थोडं चुकलंय.

आधी सरांचं. पुण्यात जी ९.८१ नाहीच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे, म्हणून जी ध्रुवांवर सुमारे ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८ असतो. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य ठरवून दिलं, ते साधारण ४५ अंश अक्षांशाला लागू पडतं. पॅरिस-लंडनच्या आसपास ९.८१ ठीक आहे. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथे जी ९.७८ च्या आसपास आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं लाखो जर्नलांत ९.८१ लिहिलं गेलं, ते पुस्तकाच्या धाकाने. गणित सोडवताना ९.८ किंवा ९.८१ घ्या, काही बिघडत नाही. पण मोजताना जे येईल ते लिहायचं.

आता तू खूश झाला असशील, की माझं ९.७८ बरोबर. थांब. स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतो, पण बटण तुझा अंगठा दाबतो. डोळ्याने बघून अंगठा हलेपर्यंत दहावा हिस्सा, कधी पाचवा हिस्सा सेकंद जातो, आणि हे सुरू करताना एकदा नि थांबवताना एकदा. दोन्ही मिळून ०.२ सेकंदाची चूक धर. ४०.१८ मध्ये ०.२ मिळवून आणि वजा करून जी काढ. एकीकडे ९.६८, दुसरीकडे ९.८८. म्हणजे तुझं प्रामाणिक उत्तर ९.८, फार तर ‘९.८ अधिक-उणे ०.१’. त्यात ९.७८ ही बसतो आणि ९.८१ ही. तुझ्या दोलकाला या दोघांतला फरक दिसतच नाही! ९.७८१३७४ मधले शेवटचे पाच आकडे तू मोजलेले नाहीत.

पार्टनरची युक्ती बघ. ४०.१८ चे ४०.१२ केले, सहा शतांश सेकंद फक्त. अंगठ्याच्या चुकीच्या मानाने ते काहीच नाही, म्हणून कुणी पकडूही शकणार नाही. चोरी इतकी सोपी होते, याचा अर्थच असा की उत्तरात एक आकडा जास्तीचा लिहिलेला आहे. ९.८ लिहिलं असतं तर चोरी करायची गरजच नव्हती.

मग हा फरक कधीच दिसत नाही का? दिसतो, आणि फार पूर्वी दिसलाय. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. अडीच मिनिटं म्हणजे दिवसाचा जवळजवळ सहाशेवा भाग. जी मध्ये त्याचा दुप्पट फरक पडतो, कारण सूत्रात काळाचा वर्ग आहे. हिशेब केलास तर ९.८१ आणि ९.७८ एवढाच फरक निघतो. रिशेकडे तुझ्या मोबाइलसारखा शतांश सेकंद नव्हता. पण त्याचा लंबक रात्रंदिवस चालत होता, आणि एकेका दोलनातला कणभर फरक साठत साठत मिनिटांवर गेला.

तेव्हा तूही २० ऐवजी २०० दोलनं मोज. अंगठ्याची चूक तीच ०.२ सेकंद, पण आता ती ४०० सेकंदांत वाटली जाते आणि जी मध्ये फक्त ०.०१ ची शंका उरते. मग लांबीकडे बघावं लागेल. गोळीच्या मध्यापर्यंत मोजताना एक मिलिमीटर चुकलास तर तेवढीच आणखी ०.०१. आणि झोका लहान ठेव. दहा अंशांचा झोका दिलास तर नुसत्या त्यानेच जी चार हजारांश कमी येतो, म्हणजे ९.७८ चे ९.७४. हे शंभरातल्या नव्वद पोरांना कुणी सांगतच नाही. एवढं सांभाळून जे येईल ते सरांना दाखव. आणि मला कळव.

मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो. टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाला) मुलांची रीडिंग १०.२, १०.३, १०.२ अशी येतात आणि मुलं सरासरी १०.२३३३ मिली लिहितात. समजावून थकलो. तुम्ही काय सांगाल? – नांदेड

मास्तर, मी त्यांना थेंब दाखवीन. बुरेटच्या, म्हणजे त्या खुणांच्या काचनळीच्या, तोंडातून सुटणारा एक थेंब सुमारे ०.०५ मिली असतो. परमँगनेटचा फिका गुलाबी रंग एका थेंबाने येतो किंवा येत नाही, अर्ध्या थेंबाने फार तर काचेला टेकवून आणता येतो. म्हणजे १०.२ आणि १०.२५ यांच्यात बुरेटला जेमतेम बोलता येतं. १०.२३३३ मधले शेवटचे दोन तिया थेंबाच्या पोटातले आहेत. मुलांना एक थेंब घड्याळकाचेवर पाडून दाखवा आणि म्हणा, याचा पन्नासावा भाग कर, मग तिसरा दशांश लिही.

पण माझं खरं भांडण सी.बी.आर.शी आहे, तुमचं नसेल तर सोडून द्या. कॉन्स्टंट बुरेट रीडिंग यायलाच हवं हे पोरांना कळलं, की ती ते आणतात. १०.२, १०.२, १०.२. वर्गातल्या साठांच्या साठ जर्नलांत तीनदा तोच आकडा. ०.१ च्या खुणा असलेल्या बुरेटवर तुमची १०.२, १०.३, १०.२ ही रीडिंग मला जास्त खरी वाटतात. ज्याने ती तशीच लिहिली त्याला मी एक मार्क जास्त देईन. आणि उत्तर? १०.२.

वजाबाकीबद्दलही मुलांना सावध करा, तिथे सगळ्यांचाच घात होतो. रिकामी घड्याळकाच २५.३१ ग्रॅम, अवक्षेपासकट २५.३७. दोन्ही आकडे चार सार्थ अंकांचे, भारदस्त. वजाबाकी मात्र ०.०६, एकच सार्थ अंक. तराजू तोच, निष्काळजीपणा कुणाचा नाही, पण तीन आकडे हातचे गेले. त्या ०.०६ वरून पुढे टक्केवारी काढून १८.७२ लिहिणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटायचा.

सप्रेम नमस्कार. आमची वडिलोपार्जित जागा २२ गुंठे, जुन्या नकाशात २४२ फूट बाय ९९ फूट. गुंठ्याचे चौरस मीटर करताना २२२५.७७१० आले. घेणारा म्हणतो २२२५ धरा, माझे बंधू म्हणतात ०.७७ का सोडायचे? यात विज्ञान काय म्हणतं? – एक वाचक, सासवड

नमस्कार. दराचं नि दस्ताचं काय ते वकिलांना विचारावं, मी फक्त आकड्यांपुरतं बोलतो.

३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, हा गुंठा. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. हे दोन्ही आकडे कुणी मोजलेले नाहीत, ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे त्यांना सार्थ अंकांची मर्यादा लागत नाही. गुंठ्याचे १०१.१७१४१०५६ चौरस मीटर होतात, पुढे काही शंका नाही.

शंका आहे ती तुमच्या बांधात. ९९ फुटांची बाजू म्हणजे बरोबर तीन साखळ्या. साखळी झोळ खाते, काटकोन धरायचा शंकू तिरका जातो, खुणेचा दगड वीतभर हलतो. त्या बाजूला अर्ध्या फुटाचा फरक पडला तर २४२ फूट लांबीवर १२१ चौरस फूट होतात, म्हणजे ११ चौरस मीटरच्या वर. आणि बंधूंचं भांडण पाऊण चौरस मीटरचं. नकाशातल्या मोजमापावरून फार तर ‘सुमारे २२३० चौ. मी.’ म्हणता येईल. दशांशात भांडायचंच असेल तर आधी नव्याने मोजणी करून घ्या. कदाचित दोघांचाही आकडा बदलेल.

मी एमपीएससीचा अभ्यास करते. १५०० मध्ये सार्थ अंक किती? एका गाइडमध्ये दोन आहेत, दुसऱ्यात चार. – सदाशिव पेठ, पुणे

दोन्ही गाइडं आपापल्या परीने बरोबर, प्रश्न अर्धवट. नुसत्या १५०० वरून कळतच नाही. रस्ता १५०० मीटर हे कुणी पावलं टाकून सांगितलं की टेपने मोजून? कळवायचं असेल तर १.५ × १०³ (दोन) किंवा १.५०० × १०³ (चार) लिहावं. परीक्षेत मात्र, दशांशचिन्ह नसेल तर शेवटची शून्यं सार्थ नाहीत हाच संकेत धरा.

या शून्यांच्या संशयावरून एव्हरेस्टची एक गोष्ट सांगतात. भारतीय सर्वेक्षण खात्यात राधानाथ सिकदार मुख्य गणक होते. सहा ठिकाणांहून घेतलेल्या निरीक्षणांची सरासरी म्हणे नेमकी २९,००० फूट आली. लोकांना वाटेल अंदाजपंचे सांगितलं, म्हणून २ फूट वर जोडले आणि १८५६ मध्ये २९,००२ जाहीर झाले. गोष्ट खरी असो की रचलेली, गंमत पुढे आहे. २०२० साली नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. शंभर मैलांहून लांबून केलेल्या मोजणीत तीस फुटांचा फरक, म्हणजे हजारात एक. कौतुकच करावं असं काम. पण ते २ फूट होते कशाला? ज्या आकड्यात तीस फुटांची शंका होती, त्याला फुटा-फुटाची ऐट आणली.

तुम्ही २०११ च्या जनगणनेची महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ अशी पाठ केली असेल. करा, परीक्षेत लागते. तात्पुरता आकडा ११,२३,७२,९७२ होता, अंतिम त्याहून १,३६१ ने जास्त. माणसं मोजणं म्हणजे पूर्णांकच, तिथे कसली शंका, असं वाटतं. पण गणनेनंतर नमुना म्हणून जी फेरतपासणी झाली, तिच्यात देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसं सुटल्याचं दिसलं. एकशे एकवीस कोटींवर ते पावणेतीन कोटींच्या आसपास जातं. तेव्हा गप्पांत ‘सव्वाअकरा कोटी’ म्हणणारा माणूस नऊ आकडे म्हणणाऱ्यापेक्षा कमी जाणकार नव्हे.

मुलाला डिजिटल थर्मामीटर लावला, ९८.८ आला. नॉर्मल ९८.६ ना? मग हा ताप समजायचा का? – एक आई, डोंबिवली

ताई, नाही. मूल खेळतंय, खातंय ना? ते आधी बघा, आणि काळजी वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

१८६८ मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने पुष्कळ रोग्यांच्या काखेतलं तापमान घेऊन ३७ अंश सेल्सिअस हे सर्वसाधारण मूल्य मांडलं. ३७ म्हणजे दोन सार्थ अंक. साडेछत्तीस ते साडेसदतीस, असा मोघम अर्थ. त्याचं कुणीतरी फॅरनहाइट केलं, ३७ गुणिले १.८ अधिक ३२, बरोबर ९८.६. गुणाकारात एक दशांश फुकट मिळाला आणि पुढच्या पिढ्या त्या ६ वर जीव टांगून बसल्या. तेच साडेछत्तीस-साडेसदतीस फॅरनहाइटमध्ये लिहा, ९७.७ ते ९९.५ होतात. शिवाय थर्मामीटरच्या कागदावर बारीक अक्षरात ‘±०.२’ असं असतं, तेही वाचा. ९८.६ आणि ९८.८ यांत त्याला स्वतःलाच फरक कळत नाही.

५ आलं की वरचा आकडा वाढवायचा, असं शाळेत शिकलो. आता ऑफिसमध्ये म्हणतात २.३४५ चे २.३४ करा. कोण बरोबर? – ठाणे

ऑफिस. भारतीय मानकांच्या यादीत आयएस १ आहे राष्ट्रध्वज आणि लगेच आयएस २ आहे आकडे पूर्णांकित करण्याचे नियम. इतक्या वरचा मान या विषयाला आहे! त्यानुसार पुढे नेमका ५ च असेल, त्याच्या मागे काही नसेल, तर शेवटचा आकडा सम होईल असं करायचं. दरवेळी वरच ढकललं तर मोठ्या यादीच्या बेरजेत आकडे हळूहळू फुगत जातात, सम-विषमाने ते साधारण फिटतात. म्हणून २.३४५ चे २.३४, पण २.३५५ चे २.३६. आणि २.३४५१ असेल तर तो अर्ध्याच्या पुढे गेलेलाच आहे, त्याचे सरळ २.३५.